कळसूबाईच्याही वर

मे महिना. तिकडे जळगावात दुपारी कावळाही सावली सोडत नसेल आणि इथे आम्ही स्वेटरवर शाल गुंडाळून, नाकाचे शेंडे लाल करून प्राणी बघायला निघालोय!

बेत आदल्या रात्रीच ठरला होता. पोरांना हिमबिबट्या हवा, यांना तेनसिंगचं सामान बघायचं, आणि धुळ्याच्या सासूबाईंची एकच अट: चढ नको. दार्जिलिंगात येऊन चढ नको म्हणणं म्हणजे शेवभाजी मागवून तिखट नको म्हणण्यासारखंच. तरी मुकाट्यानं उरलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पिशवीत घेतली नि निघालो.

पद्मजा नायडू प्राणीबाग १९५८ सालची, अख्खी डोंगरउतारावर वसलेली. उंची सात हजार फूट. मी मनातल्या मनात हिशेब केला आणि हादरलेच. आपलं कळसूबाई ५,४०० फूट! महाराष्ट्राच्या माथ्यावर उभं राहून आणखी सोळाशे फूट चढलं, तर कुठे इथल्या अस्वलाचं घर लागणार. आम्ही तापीकाठची सपाट माणसं. सातपुडा म्हणजे यावल-रावेरच्या केळीमागची निळी रेघ, एवढीच आमची डोंगराशी ओळख. इथे मात्र रस्ता वर, पिंजरा त्याच्या वर, झाडं आणखी वर; आणि ढग? ढग खाली! दरीतून धुकं चढतं, समोरचा लांडगा पुसून टाकतं, आणि मिनिटाभरात तोच लांडगा भलत्याच कोपऱ्यात उभा. धाकटी किंचाळतेच.

मग लाल पांडा. फांदीवर पसरलेलं गंजक्या लाल रंगाचं धूड, पोट काळंभोर, शेपटीला पट्टे. सासूबाई जाळीपाशी थबकल्या. "माय वो! हाई काय शे? कोल्हं का मांजर?" पांडा उठला, बांबूची डहाळी पुढच्या पंजात धरली, तोंडाच्या कडेला नेली आणि एकेक पान दाढेनं कातरू लागला. सुपारी कातरावी तसा, घाई नाही. पकडीसाठी त्याच्या मनगटाच्या हाडाचाच अंगठ्यासारखा उंचवटा झालाय, असं यांनी सांगितलं. सासूबाईंचं लक्षच नव्हतं. त्यांची नजर त्या पानांवर. चढ-बिढ त्या केव्हाच विसरल्या होत्या.

या बागेत पांडे नुसते दाखवायला ठेवलेले नाहीत. इथे जन्मलेल्या दोन माद्या २००३ साली सिंगालीलाच्या जंगलात सोडल्या. हिमबिबट्याचं प्रजनन तर १९८३ पासून चाललंय. पिंजरा म्हटला की माझ्या मनात पाल चुकचुकते, इथेही चुकचुकली. पण जंगलात परत धाडायला जीव वाढवणारी बाग मी पहिल्यांदाच पाहत होते.

आणि तो हिमबिबट्या! राखाडी अंगावर धुरकट ठिपके, बशीएवढे पंजे आणि शेपूट, अबब, जवळजवळ अंगाएवढीच लांब! हा वाघासारखी डरकाळी फोडत नाही म्हणे. खडकावर बसलाय, शेपूट अंगाशी घेतलीय, आणि आमच्याकडे बघतच नाही. थंडी त्याच्या घरची. कुडकुडतोय आम्ही, धापा टाकतोय आम्ही. जाळीच्या अलीकडचे जीवच जास्त केविलवाणे दिसत असावेत.

बागेतूनच पुढे हिमालयन माउंटेनियरिंग इन्स्टिट्यूट लागते. एव्हरेस्ट सर झाल्यावर पुढच्याच वर्षी, १९५४ साली सुरू झालेली. तेनसिंग नोर्गे इथेच गिर्यारोहण शिकवायचे. त्यांची समाधीही याच आवारात आहे. संग्रहालयात मोहिमांचे जुने बूट, दोर, कुऱ्हाडी. हे एकेका काचेपुढे इतके रेंगाळले की पोरांनी बाहेर बाकावर बसून चटणी-दशमी संपवली. सासूबाईंनी समाधीपुढे चपला काढून हात जोडले आणि लगेच विचारलं, "आते पांडाकडे कोणता रस्ता?"

पुन्हा पांडा! म्हणजे आलो तेवढं सगळं परत. गेलो. तो आता फांदीवर चारी पाय लोंबकळत सोडून झोपला होता, आणि सासूबाई त्याच्याशी खुशाल अहिराणीत बोलत होत्या. बरं झालं, दुसरा दिवस गुरुवारचा. गुरुवारी बाग बंद असते. नाहीतर आमचं टायगर हिल बघायला जाणं बुडालंच होतं.