न दिलेला निरोप

तुम्ही कधी लग्नातल्या बँडवाल्याचा कोट अंगावर चढवला आहे काय? नसेलच. मी चढवला आहे, आणि तोही एकदोनदा नव्हे, चांगली दहा वर्षे. तांबडा कोट, खांद्यावर सोनेरी झालर, छातीवर पितळी बटणांच्या दोन रांगा आणि डोक्यावर तुरा खोवलेली टोपी! हा सारा थाट वैशाखात, वाशिमच्या उन्हात, भर दुपारी मिरवायचा. तो कोट ज्याने एकदा घातला, त्याला पुढे नरकाचे भय म्हणून उरत नाही.

त्या कोटांतला आम्हा पाच जणांचा एक फोटो माझ्या बैठकीत टांगलेला आहे. येणारेजाणारे त्याच्याकडे पाहून हसतात, मीही त्यांच्याबरोबर हसतो आणि चहा सांगतो. गेल्या दिवाळीत मात्र माझा नातू, मुलीचा मुलगा, त्या फोटोसमोर जरा जास्त वेळ उभा राहिला आणि म्हणाला, "आबा, तुमचाही बँड होता?"

त्या 'ही'चा खुलासा लगेच झाला. चिरंजीव पुण्यात इंजिनिअरिंग शिकतात आणि उरलेल्या वेळात गिटार वाजवतात. उरलेला वेळ कोणता आणि मुख्य वेळ कोणता, हे त्यांच्या आईला विचारावे. चौघा मित्रांनी मिळून बँड काढला आहे. कसला? तर 'पंक'. त्याने मला मोबाइलवर त्यांचे एक गाणे ऐकवले. मला वाटले, मोबाइल बिघडला.

"सूर कुठे आहे रे यात?" मी विचारले.

"सुराचे फार नसते आबा. तीन कॉर्ड आल्या की पुरे. जोर पाहिजे आणि राग पाहिजे."

मग त्याने मला त्या पंथाचे पुराण सांगितले. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या पोरांनी 1974 साली 'रमोन्स' नावाचा बँड काढला. ते भाऊ नव्हते, पण साऱ्यांनी रमोन हेच आडनाव लावून घेतले. 1976 साली त्यांची पहिली तबकडी निघाली. तिच्यात 14 गाणी, आणि ती सगळी मिळून 29 मिनिटांत संपतात. लंडनच्या दुसऱ्या एका बँडचे नाव दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. पण त्यात 1977 साली ज्याला वाजवता येत होते तो गेला, ज्याला जवळजवळ येत नव्हते तो आला, आणि पुढच्या जानेवारीत बँडच मोडला.

1976 हा आकडा ऐकून मी सरसावून बसलो. आमचाही बँड त्याच सालचा!

त्या वेळी वाशिम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. जिल्ह्याचा मान मिळाला तो पुढे 1 जुलै 1998 रोजी. मी एकोणीस वर्षांचा होतो आणि कॉलेजच्या पहिल्या वर्षात गटांगळ्या खात होतो. गावातल्या एका म्हाताऱ्या बँडमास्तरांनी आपला बँड बंद करून वाद्ये विकायला काढली. मुले नोकरीला लागलेली, फुंकायला घरात कोणी उरले नव्हते. आम्ही पाच टवाळ पोरांनी ती वाद्ये कोटांसकट घेतली. वाद्यांवर मीरतचा शिक्का होता. मीरत शहरात जली कोठी म्हणून भाग आहे. देशभरच्या बँडांची पितळी वाद्ये तिथे घडतात. इंग्रजांच्या पलटणींबरोबर ही वाद्ये आपल्याकडे आली, संस्थानिकांनी हौसेने आपापले बँड ठेवले, आणि पलटणी व संस्थाने गेल्यावर ती नवरदेवाच्या घोड्यापुढे येऊन उभी राहिली.

एक क्लॅरिनेट, एक ट्रंपेट, एक साइड ड्रम, झांजांची जोडी आणि एक भला थोरला ढोल. चौघांनी पैसे कसेबसे जमवले. ढोलाला मात्र पैसे उरले नाहीत. आमच्यातला पाचवा बाजारात हमाली करी. त्याच्या आईने दारची शेळी विकली आणि ढोल आला. म्हणून बाकीची वाद्ये बँडची होती, ढोल तेवढा त्याचा स्वतःचा होता. हे ध्यानात ठेवा.

बँडात माणसाला नाव नसते. मी 'कलारनेट', तो 'ढोल', तिसरा 'ट्रंपेट'. गिऱ्हाईक त्याच नावाने हाक मारी आणि पुढे आम्हीही एकमेकांना तसेच पुकारू लागलो. त्या रमोन मंडळींनी एक आडनाव घेतले, आम्ही एकेक वाद्य घेतले, इतकाच काय तो फरक.

वाजवता मात्र कोणालाच येत नव्हते. आम्हाला तीन चाली येत: 'नया दौर'मधले (1957) वीर जवानांचे गाणे, एक आरती आणि 'नागिन'मधली (1954) बीन. ही बीन मुळात बीन नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हियोलिन नावाच्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. यंत्राने बीनची नक्कल केली आणि माझ्या क्लॅरिनेटने यंत्राची. वरातीतली पोरे तरीही रुमालाचा फणा करून धुळीत लोळत. रमोन्स 29 मिनिटांत 14 गाणी उरकत; आम्ही 29 मिनिटे एकच गाणे वाजवीत असू. म्हातारे मास्तर ओट्यावर बसून ऐकत आणि कानांवर हात ठेवीत. एकदा म्हणाले, "अरे पोट्टेहो, ढोलवाला तेवढा ठेक्यात आहे. त्याच्या मागं चाला." आम्ही त्याच्या मागे चालू लागलो, आणि सुपाऱ्या मिळू लागल्या.

मग माणसे गळू लागली. पहिल्यांदा ट्रंपेट गेला. 1978 साली तो एसटीत कंडक्टर झाला. त्याच्या जागी आला तो दाढीकटिंगचे दुकान चालवणारा गृहस्थ. हात आणि ओठ दोन्ही उत्तम. पण लग्नसराईत त्याच्या वस्तऱ्याला आणि ट्रंपेटला नेमकी एकाच मुहूर्ताला मागणी येई. एका मोसमात तो थकला. तिसरा मानोऱ्याकडच्या एका तांड्यावरचा पोरगा. एकदा ऐकले की त्याला चाल येत असे. झांजवाल्याचे लग्न झाले आणि सासऱ्याला जावयाने परक्यांच्या वरातीत झांज कुटणे खपेना; त्याने धाकट्या भावाला आपल्या कोटात घालून पाठवले. गिऱ्हाइकाला फरक कळलाही नाही. साइड ड्रमवाला एके दिवशी पूर्णेकडे जाणाऱ्या मीटरगेजच्या गाडीत बसला आणि सिकंदराबादेला कामाला लागला. 1984 साली फोटोतल्या पाचांपैकी मी आणि ढोल असे दोघेच उरलो होतो.

आणि मग 1985 साली नवे वारे आले. 'डिस्को डान्सर' येऊन तीन वर्षे झाली होती. लोकांना वरातीत ऑर्केस्ट्रा पाहिजे होता. हातगाडीवर भोंगे, कॅसिओ वाजवणारा एक आणि काँगोवर एक, असा थाट करणारे बँड अकोल्याकडून येऊ लागले. आमच्याकडेही दोन नवी पोरे आली, एक कॅसिओसकट आणि दुसरा काँगोसकट. मोठी तयारीची पोरे होती. पण ढोलाचे त्यांच्याशी जमेना. त्याचा ठेका म्हणजे बैलाची चाल. एकदा धरली की रस्ता संपेपर्यंत तीच. नवी गाणी मध्येच थांबत, मध्येच पळत. तो बिचारा घाम पुसत त्यांच्या मागे धावे.

रिसोडच्या एका मोठ्या घरची सुपारी आली तेव्हा पाटणी चौकातल्या चहाच्या दुकानात आमची बैठक बसली. ढोल हमालीवर होता. सर्वांचे एकमत झाले. नवी पोरे तर बोललीही नाहीत, बोललो आम्हीच. प्रश्न एवढाच उरला की, त्याला सांगायचे कोणी?

"मी सांगतो," मी म्हणालो. जुना मीच ना!

चार दिवस हातात होते. तिसऱ्या दिवशी मी त्याच्या घरी गेलो. पद्मतीर्थाच्या बाजूला दोन खोल्यांचे घर. त्याच्या आईने चहा केला आणि एक कप होता तो माझ्यापुढे ठेवला. खुंटीवर त्याचा कोट धुऊन टांगलेला होता, रिसोडच्या लग्नासाठी. मी पावसापाण्याचे बोललो, ज्वारीच्या भावाचे बोललो, त्याच्या आईच्या गुडघ्याचे बोललो आणि उठून आलो. वाटले, उद्या सांगू.

लग्नाच्या दिवशी आमची जीप निघाली. रिसोडच्या रस्त्याला गावाबाहेर एक लिंबाचे झाड होते. तिथे तो नेहमी चढे. त्या दिवशीही उभा होता. कोट, टोपी, गळ्यात ढोल. ड्रायव्हरने सवयीने गाडी हळू केली आणि माझ्याकडे पाहिले. मी दुसऱ्या बाजूच्या शेताकडे पाहू लागलो. गाडी पुढे गेली. जाताना मला आरशात दिसले: त्याने हात वर केला होता. आम्हाला तो दिसला नाही, असे त्याला वाटले असावे.

रिसोडला आम्ही उत्तम वाजवले. वरातीत नोटा उधळल्या गेल्या. ढोल नाही हे एकाही माणसाच्या लक्षात आले नाही. मनातून माझी इच्छा होती की, कोणीतरी विचारावे. कोणी विचारले नाही.

चार दिवसांनी त्याची आई घरी आली. कोट आणि टोपी घडी करून, फडक्यात बांधून आणली होती. "हे बँडाचं हाय, म्हने, देऊन ये," एवढेच बोलली आणि गेली. ढोल त्याचा होता, तो त्याच्याकडे राहिला. पुढे वर्षभरात कॅसिओवाला आणि काँगोवाला आम्हाला न सांगता अकोल्याच्या एका बँडात गेले. मला नोकरी लागली आणि 1986 साली आमचा बँड संपला. एका गावात राहून मी आणि तो बाजारात समोरासमोर येत असू. मी आधीच गल्ली बदलीत असे.

2004 साली मुलीचे लग्न निघाले तेव्हा मी पत्रिका घेऊन त्याच्या दारी गेलो. एकोणीस वर्षे झाली होती. तो लग्नाला आला, जेवला, आहेर दिला. मांडवाबाहेर आम्ही दोघेच होतो तेव्हा मी तो विषय काढला. काय बोललो ते आता आठवत नाही. बहुधा ततपप झाले असेल. तो पान लावीत होता. म्हणाला, "मले वाटलं तुले दिसलो नाही, म्हून हात केला." थोड्या वेळाने म्हणाला, "काहून सांगतलं नाही रे? सांगतलं असतं, तं ढोल देला असता ना तुमाले. पोट्ट्याईले लागला असता."

शेळी विकून घेतलेला ढोल! मी वाजवायला नको होतो, पण ढोल तरी घेऊन जा, असे तो म्हणाला असता. आम्ही त्याला ते म्हणण्याचीही सवड दिली नाही. तीन वर्षांनी तो वारला.

हे सारे मी नातवाला सांगितले त्याला कारण घडले. फोटो पाहता पाहता तो सहज बोलून गेला होता की, त्यांच्याही बँडात बदल होतो आहे. ड्रम वाजवणारा मुलगा बदलायचा. चौघांतला पहिला तोच. त्याच्याच खोलीत बँड सुरू झाला होता. पण नवा अधिक तयारीचा मिळाला आहे.

"त्याला सांगितले का?"

"सांगायचे काय त्यात आबा? मोबाइलवर नवा ग्रुप केला आहे. त्यात तो नाही. कळेल त्याला."

गोष्ट संपल्यावर तो बराच वेळ फोटोतल्या ढोलाकडे पाहत बसला. मग त्यानेच मला आणखी एक सांगितले. रमोन्सचा पहिला ड्रमवाला, टॉमी, 1978 साली ड्रमवरून उतरला. पण उतरल्यावरही पुढची तबकडी तयार करायला तो त्यांच्याबरोबरच राहिला. "म्हणजे असेही जमते," नातू म्हणाला. मी म्हटले, "जमते, पण त्यासाठी आधी एकमेकांशी बोलावे लागते."

भाऊबीज आटोपून तो रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला गेला. आठ दिवसांनी त्याचा फोन आला. तो त्या मुलाच्या खोलीवर गेला होता आणि तोंडावर सांगून आला होता. त्या मुलाने चार शिव्या हासडल्या, याने आणलेला फराळाचा डबा दाराबाहेर ठेवला आणि तेव्हापासून बोलणे बंद केले आहे.

"तुमचे ऐकले आणि मित्र गेला आबा," तो म्हणाला. आवाज रडवेला होता.

मी त्याला काय सांगणार? सांगितल्याने माणूस दुखावत नाही, असे मी त्याला कधीच म्हटले नव्हते. मी इतकेच म्हणालो, "गेला असेल. पण उद्या तो रस्त्यात दिसला, तर तुला गल्ली बदलावी लागणार नाही."

पलीकडून काही उत्तर आले नाही. मग हळूच त्याने विचारले, "आबा, तो ढोल आता कुठे असतो?"

ढोल त्याच्या पुतण्याकडे आहे. पोळ्याला वाजतो. यंदा नातू दिवाळीला आला की दोघे मिळून बघायला जाणार आहोत. मी तसा निरोप आधीच पाठवून ठेवला आहे.