झाकायचं, पण कोंडायचं नाही

मैत्रिणींनो, बोटीवर घालायचं कापड कसं निवडावं, हा काय बायकांच्या साप्ताहिकात लिहायचा विषय झाला, असं तुम्ही म्हणाल. इथे आपण लोणच्याला बुरशी येऊ नये म्हणून काय करावं ते वाचतो, रेशमी साड्यांच्या घड्या कशा बदलाव्यात ते वाचतो. मध्येच ही बोट कुठून आली? पण जरा थांबा. ज्या बोटीत माझ्या दोन पाटल्या अडकल्या होत्या, तिच्याबद्दल चार शब्द लिहायचा मला हक्क आहे की नाही?

माझं माहेर सांगलीकडचं. समुद्र पाहिला तो लग्नानंतर. सासरचं मूळ घर देवबागचं, म्हणजे मालवणच्या दक्षिणेला एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला कर्ली नदी अशी जी जमिनीची चिंचोळी पट्टी आहे, तिथलं. सासऱ्यांचा, म्हणजे आमच्या बाबांचा, सारा जन्म होडीवर गेला. आम्ही मात्र ह्यांच्या नोकरीमुळे कुडाळला राहतो. मी बी. ए. झालेली, घर सांभाळून एका शाळेत अर्धवेळ भूगोल शिकवते.

2022 च्या दिवाळीनंतर ह्यांनी आणि देवबागच्या चुलत दिरांनी मिळून पर्यटकांना फिरवण्यासाठी अठरा फुटी फायबरची बोट घेतली. थोडे पैसे पतपेढीचे, थोडे दिरांचे, आणि उरलेल्यासाठी माझ्या पाटल्या गहाण गेल्या. मी आनंदाने दिल्या, खोटं कशाला सांगू? दोन हंगामांत सुटतील असा हिशेब होता.

आता आमच्याकडे मेच्या शेवटच्या आठवड्यात समुद्रातलं पर्यटन बंद होतं ते ऑगस्टअखेरपर्यंत. यांत्रिक मासेमारीलाही जून-जुलैत बंदी असते. एवढे दिवस बोट ठेवायची कुठे? दिरांच्या अंगणात माडच माड. 2021 च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळात माड कसे कोसळले ते सगळ्यांनी पाहिलेलं. म्हणून बोट ट्रॉलीवर चढवून जीपच्या मागे बांधायची आणि आमच्या अंगणात आणायची असं ठरलं. रस्ता पंचवीस-तीस किलोमीटरचा.

मे 2023. ह्यांनी बाजारातून मोठा निळा प्लास्टिकचा कागद आणला. बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी उठून पाहते तो अंगणात झावळ्यांचा ढीग! त्या वयात माणसाने कुठून कुठून गोळा करून आणलेल्या. पायरीवर बसून झाप विणायला सुरुवातही केली होती. हे हसून म्हणाले, ‘‘बाबा, ही चुडतां आता कोण घालता? फायबरची बोट आसा ही. लोक हसतले.’’

बाबा एवढंच म्हणाले, ‘‘तेका वारो व्हयो.’’

आणि मैत्रिणींनो, मीही हसले. मोठ्याने नाही, पण हसले. बाबांनी हातातली झावळी खाली ठेवली आणि ते आत गेले.

बोट आणताना पहिला धडा मिळाला. प्लास्टिक मोठं आणि सैल. वरून नायलॉनच्या दोरीने आवळलेलं. उघड्यावरच्या वळणाला वारा पुढून आत शिरला आणि कागद फुग्यासारखा फुगला. कडेची दोन भोकं फाटली, दोरी सुटली आणि मागून येणाऱ्या एका मोटारसायकलवाल्याच्या तोंडाजवळून चाबकासारखी गेली. त्याच्या मागे बायको, तिच्या मांडीवर मूल. देवाची कृपा म्हणून काही झालं नाही. घरी येऊन पाहिलं तर दोरी घासून बोटीच्या चकाकत्या थरावर ओरखडेच ओरखडे.

त्यावर आम्ही काय शहाणपण केलं? आणखी एक कागद आणला, दोन्ही एकावर एक टाकून बोट जमिनीपर्यंत गुंडाळली आणि कडेने विटा ठेवल्या. एक थेंब आत जायला नको! त्या वर्षी पाऊस उशिरा आला, पण जुलैत धरलं ते सोडेना. कागदाला मध्ये झोळ पडला आणि त्यात पाणी साचलं. चार फूट लांब, तीन फूट रुंद आणि अर्धा फूट खोल एवढं डबकं धरलं, तरी ते एकशे सत्तर लिटर होतं. म्हणजे एकशे सत्तर किलोंचं ओझं बोटीच्या डोक्यावर. घरोघर फिरणारी आरोग्यसेविका आली, तिने त्या डबक्यात डासांच्या अळ्या दाखवल्या तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आणि गंमत अशी, की त्याच आठवड्यात मी वर्गात फळ्यावर ‘सांद्रीभवन’ हा शब्द लिहून मुलींना समजावत होते. थंड तांब्याच्या बाहेरून पाणी का जमतं, गरम पोळ्या डब्यात घट्ट झाकल्या तर झाकणाला घाम का सुटतो, सगळं सांगितलं. घरी आले, त्या गुंडाळलेल्या बोटीजवळून गेले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही!

नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला झाली. दुसऱ्या दिवशी कागद सोडला. वास असा आला की मी पदर नाकाला लावला. गाद्यांवर काळी बुरशी, बाकांखालचं प्लायवुड फुगून त्याचे पापुद्रे सुटलेले, वायरींच्या तोंडाशी हिरवा गंज, आणि एका कोपऱ्यात उंदराने गादीचा कापूस काढून घर केलेलं. वरून पावसाचा एक थेंब आत गेला नव्हता बरं का! जे पाणी होतं ते आतलंच. ओल्या अंगाने झाकलेली बोट आणि खालच्या जमिनीची वाफ, तिला बाहेर पडायला वाट नाही. दुरुस्तीला अठ्ठावीस हजार गेले, हंगामाचे पहिले तीन आठवडे गेले, आणि पाटल्या आणखी वर्षभर तिथेच राहिल्या.

हे दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. बाबाही नाहीत. ‘मी सांगितलं होतं’ असं ते एकदा तरी म्हणाले असते तर बरं वाटलं असतं. शेवटी एका संध्याकाळी मी चहा घेऊन त्यांच्यापुढे बसले आणि म्हटलं, ‘‘बाबा, पुढल्या वर्षी काय करायचं ते तुम्ही सांगा.’’

‘‘माका कित्याक इचारतंस? मी चुडतांवालो म्हातारो,’’ ते म्हणाले.

‘‘त्या दिवशी मी हसले, ते चुकलं माझं.’’

बराच वेळ गेला. मग कप खाली ठेवून म्हणाले, ‘‘होडी झाकूची असता गो, कोंडूची नसता.’’

या एका वाक्यावर आम्ही दुसऱ्या वर्षाची सगळी तयारी केली. आता कापडाचं सांगते.

बाजारात मला चार प्रकार दिसले. पहिलं ते निळं-पिवळं प्लास्टिक: स्वस्त आणि हलकं, पण उन्हाने ठिसूळ होतं, हवा अजिबात जाऊ देत नाही, आणि रस्त्यावर न्यायला तर मुळीच कामाचं नाही. दुसरी जुन्या पद्धतीची सुती ताडपत्री. ती थोडी श्वास घेते, पण भिजली की भलतीच जड होते आणि ओली घडी ठेवली की कुजते. तिसरं ट्रकवर घालतात ते जाड पीव्हीसी कापड: मजबूत, पाणी मुळीच येत नाही, पण हवाही नाही. चौथं लेप दिलेलं जाड पॉलिएस्टर. ते पाणी अडवतं, ऊन बऱ्यापैकी सोसतं, आणि दोन माणसांनी उचलून घालता येतं. मी तुकडे मागून आणले आणि घरीच परीक्षा घेतली. पातेल्याच्या तोंडाला तुकडा बांधून वर पाणी ओतून रात्रभर ठेवलं. सकाळी खाली थेंब पडलेत का ते पाहिलं. मग पातेल्यात कढत पाणी घालून वरून तेच तुकडे बांधले आणि आतून कोण किती घामेजतं ते पाहिलं. घाम सगळ्यांनाच आला, सुती तुकड्याला जरा कमी. तेव्हा कापड कुठलंही घ्या, हवेची वाट वेगळी ठेवायलाच हवी हे कळलं. आम्ही पॉलिएस्टर घेतलं, फिकट रंगाचं, कारण गडद कापड जास्त तापतं.

मापं घेताना बोटीची नुसती लांबी-रुंदी घेऊन भागत नाही. पुढचं टोक, कठडा, मागचं इंजिन, सगळे उंचवटे धरावे लागतात. मी दोन जुन्या सुती साड्या जोडून बोटीवर पसरल्या आणि ब्लाउज अंगावर बेततात तशा टाचण्या लावून बेतल्या. जिथे झोळ तिथे टक्स! ताडपत्री शिवणारा कारागीर ते पाहून आधी हसला, मग म्हणाला, ‘‘बाई, असं माप कुणी आणून देत नाही.’’

त्याच्याकडून पुढच्या गोष्टी मुद्दाम करून घेतल्या. शिवण सुती दोऱ्याची नको, पॉलिएस्टरची हवी. सुती दोरा आधी कुजतो. भोकांच्या कड्या पितळी, लोखंडी नव्हेत. कडेला परकरासारखा नेफा आणि त्यात मजबूत दोरी, म्हणजे कापड बोटीच्या काठाखाली घट्ट बसतं. पुढे आणि मागे वरच्या बाजूला हवेसाठी एकेक खिडकी आणि तिच्यावर पावसाची झडप. जिथे कापड कोपऱ्याला घासतं तिथे दुहेरी कापड. शिवाय आतून त्या कोपऱ्यांना मी जुन्या गोधडीचे तुकडे बांधले.

रस्त्यावर नेताना सैल कापड हा शत्रू. फडफडेल तेवढं ते बोटीलाही घासतं आणि स्वतःही फाटतं. म्हणून नेफ्याच्या दोरीशिवाय दर तीन-साडेतीन फुटांवर पट्टी घेऊन ती ट्रॉलीला बांधायची. पट्टीला एक पीळ द्यायचा, म्हणजे ती वाऱ्याने थरथरत नाही. गाद्या, डबे, सुटं सामान आधी काढायचं. जीप सावकाश चालवायची, आणि निघाल्यावर पाच-सहा किलोमीटरवर थांबून एकदा सगळ्या गाठी हाताने तपासायच्या. मे 2024 मध्ये आम्ही तीनदा थांबलो. एकही गाठ सुटली नाही.

अंगणात आल्यावरची व्यवस्था मात्र सर्वस्वी बाबांची. आधी गोड्या पाण्याने बोट धुऊन दोन दिवस उन्हात कोरडी केली. ओली बोट झाकायचीच नाही. तिचं पुढचं टोक वर आणि मागची बाजू खाली ठेवली, आणि तळातलं पाणी काढायचं बूच उघडं. आत मधोमध बांबूचं आढं उभं केलं, घराला असतं तसं, म्हणजे कापडाला दोन्हीकडे उतार आला. पाणी थांबायलाच जागा नाही. कडेला विटा नाहीत, खालून वारा मोकळा. आणि सगळ्यांवर चार मेढी पुरून उंच असा बाबांच्या झापांचा मांडव, दोन्ही बाजूंनी उघडा. झाप विणायला या वेळी ह्यांनी बाबांशेजारी बसकण मारली. त्यांना धड येत नव्हतं. बाबा उसवायचे आणि पुन्हा विणायचे, पण रागावले नाहीत.

पावसाळाभर आठवड्यातून एकदा मी फेरी मारत असे. कुठे झोळ आहे का, दोरी सैल पडली का, उंदराची लेंडी दिसते का. उघडीप मिळाली की दोन तास खिडक्यांच्या झडपा वर करायच्या. लोणच्याच्या बरणीला आपण जेवढं जपतो तेवढंच, जास्त नाही.

2024 ची नारळी पौर्णिमा 19 ऑगस्टला होती. त्यानंतरच्या रविवारी कापड काढलं. या वेळी मी पदर नाकाला लावला नाही. आत कोरडं होतं. बाबांनी बाकाखाली हात घालून लाकूड चाचपलं, बोटं एकमेकांवर चोळून पाहिली आणि ह्यांना म्हणाले, ‘‘इंजिन बघून घे आता.’’ बस्स, एवढंच.

त्या कापडाला साडेअकरा हजार पडले होते. आमच्या घरात कुणी एका वेळी एवढे पैसे कापडावर घातले नव्हते, लग्नातसुद्धा नाही! पण त्या वर्षी दुरुस्तीला काही लागलं नाही, हंगाम पहिल्या दिवसापासून मिळाला आणि 2025 च्या मे महिन्यात एक पाटली घरी आली. दुसरीही येईल.

मैत्रिणींनो, तुमच्या दारात बोट नसेलही. पण स्कूटर असेल, पावसाळ्यापुरतं बाहेर काढलेलं कपाट असेल, गच्चीवर बांधून ठेवलेलं सामान असेल. त्याला प्लास्टिक गुंडाळण्याआधी दोन गोष्टी बघा: ते पूर्ण कोरडं आहे ना, आणि वाऱ्याला आत-बाहेर करायला वाट आहे ना. मधोमध काहीतरी उंच ठेवा, म्हणजे पाणी साचणार नाही. काढलेलं कापड वाळवूनच घडी करा. आणि घरातलं म्हातारं माणूस झावळ्या घेऊन अंगणात बसलं, तर हसण्याआधी त्याला एकदा विचारा, कशाला म्हणून. मी विचारलं नाही, आणि ते मला अठ्ठावीस हजारांना पडलं.