डाव्या हाताची भिंत

गेल्या आठवड्यात चुलतभावाचा फोन आला. गावाकडच्या घराला रंग द्यायला काढलाय, आधी भिंती खरवडून घेतल्या. मी विचारलं, ‘आजीच्या खाटेजवळची पण?’ ‘हो ना. तिथं तो काळपट डाग होता, तो गेला एकदाचा.’ पुढं तो बरंच बोलला. मला काही ऐकू आलं नाही.

तो डाग आजीच्या तळहाताचा होता.

डिंभे धरणाच्या पाण्यात आंबेगाव गेलं आणि आमचं बिऱ्हाड घोडेगावच्या बाजूला आलं. जुन्या घरात खाटेवरून उठलं की दार डाव्या हाताला होतं, नव्या घरात उजव्या. आजी रात्री बाहेर जायला उठायची, डावीकडे चार पावलं टाकायची आणि तिचा हात भिंतीला लागायचा. हात न काढता ती तशीच उभी राहायची. मग वळायची. शेजारी वाकळेत मी जागी असायचे. दिवसा ती कधी चुकली नाही. आणि गावाविषयी कधी बोललीही नाही.

सातवीत ‘माझी आजी’ या निबंधात मी एवढंच लिहिलं होतं. तांबड्या शाईत शेरा आला, ‘भावना कमी पडल्या.’ मग मी आजीला पाण्याच्या काठावर नेलं, धाय मोकलून रडायला लावलं. तो निबंध वर्गात वाचून दाखवला गेला. त्या शेऱ्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. जे रडणं तिनं कुणाला दिसू दिलं नाही, ते मी चाळीस पोरांपुढं मांडलं.

जुन्नरच्या लेण्यांत बुद्धाला शोधत गेलं तर बहुतेक ठिकाणी स्तूपच भेटतो. तुळजा लेण्यात तर बारा साध्या खांबांचं गोल रिंगण आणि मधोमध स्तूप. चेहरा नाही. तरी तिथं माणसाचा आवाज आपोआप खाली येतो.

आणि नाणेघाट. घाटाच्या तोंडाशी सातवाहनांचं लेणं आहे, इसवीसनापूर्वी पहिल्या शतकातलं मानतात. मागच्या भिंतीवर सिमुक, सातकर्णी, राणी नागनिका, राजकुमार यांचे पुतळे कोरलेले होते. ते गेले. वर ब्राह्मीतली नावं राहिली, खाली पावलांच्या खुणा, मध्ये नुसता खडक. बाजूच्या भिंतींवर मोठा लेख आहे. अश्वमेध, राजसूय, दक्षिणा म्हणून दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, कार्षापण. भारतातल्या सगळ्यात जुन्या कोरीव आकड्यांमध्ये तिथले आकडे धरतात. एवढ्या दानाच्या हिशेबात राणीविषयी मध्येच येतं, की ती महिना महिना उपास करते, घरात राहून तपस्विनीसारखी जगते, ब्रह्मचर्य पाळते. लेख जागोजागी झिजलाय, पण वाचता येतो तेवढ्यात कुठं आक्रोश नाही. त्या हजारो गायी मी विसरले. उपास विसरता येत नाही. एवढ्या मोठ्या राज्याची राणी रात्री उठून कुठल्या दिशेला चालत असेल?

वर नाव, मध्ये काही नाही. आमच्या तालुक्याचंही तेच झालं. कचेरी घोडेगावात, नाव मात्र आंबेगाव. दाखल्यांवर, सातबाऱ्यावर रोज कुणीतरी ते लिहितं. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की बाबा काठावर जाऊन बसत. आम्हाला कधी सोबत नेलं नाही. परत आल्यावर पायाला गाळ लागलेला असे. आई काही न विचारता तांब्या पुढं करायची, आणि ते फार सावकाश पाय धुवायचे.

काल रात्री मीच भावाला फोन केला. रंग कुठला, विचारलं. आकाशी म्हणाला. तो नव्या घरात जन्मलेला, आजी त्याला नीट आठवतही नाही.

‘रंगारी वैतागला होता,’ तो म्हणाला. ‘त्या डागापाशी पुट्टी तीनदा भरावी लागली. भिंत खोलगट झाली होती तिथं. कशानं झालं असेल गं?’

‘ओल आली असेल,’ मी म्हटलं.