पाण्याला खत

"पाणी काचेसारखं ठेवशील, तर मासे खातील काय? काच?"

मामांनी पहिल्याच भेटीत असं विचारलं आणि मी गप्प झालो. औंढा तालुक्यातल्या आमच्या हळदीसाठी शेततळं घेतलेलं. त्यात कटला, रोहू, मृगळ सोडायचं नंतर सुचलं. मामा भोई समाजाचे, सगळं आयुष्य सिद्धेश्वर धरणात जाळं टाकण्यात गेलेलं. त्यांचं म्हणणं, माशांची बोटुकली आणण्याआधी तळ्यात चुना टाक, मग शेण कालवून सोड, वर थोडं सुपर फॉस्फेट दे. घरात सगळे हसले. सुपर फॉस्फेट सोयाबीनला देतात. पाण्याला कोण देतं?

थोड्याच दिवसांत पाणी पोपटी झालं. ते वनस्पती-प्लवक, म्हणजे डोळ्यांना सुटे सुटे न दिसणारे असंख्य वनस्पतीकण. ऊन आणि नत्र-स्फुरद मिळालं की ते वाढतात, सूक्ष्म प्राणी त्यांना खातात आणि त्या प्राण्यांवर कटला पोसतो. आमच्या तळ्याला प्लास्टिकचं अस्तर. मातीतून काही मिळायचं नाही, सगळं वरून द्यायचं. म्हणजे शेतीच ही, फक्त पीक तरंगतं.

मग एका साहेबांनी काळी-पांढरी तबकडी दाखवली. दोरीला बांधून पाण्यात सोडायची आणि दिसेनाशी होते ती खोली मोजायची. ३०-४० सेंटीमीटर असेल तर ठीक. त्याहून खोल दिसत राहिली तर खत कमी पडलंय. २० च्या आतच दिसेनाशी झाली तर खत बंद. इटलीच्या आंजेलो सेकी यांनी १८६५ मध्ये अशीच, पण पांढरी तबकडी भूमध्य समुद्रात सोडली होती, हे कळल्यावर माझा गोंधळ वाढलाच. समुद्रात शेण कोण टाकतं?

वाचत गेलो. अगदी स्वच्छ समुद्रातही वनस्पतींच्या कामाचं ऊन फार तर २०० मीटरपर्यंत पोचतं. मेलेलं, उरलंसुरलं त्याच्या खाली बुडतं, तिथे कुजतं आणि खत अंधारात साठत राहतं. वर ऊन आहे तर खत नाही, खाली खत आहे तर ऊन नाही! भर महासागरातलं ते सुंदर निळं पाणी बहुधा उपाशीच असतं. खालचं पाणी वर आलं तरच पीक येतं. पावसाळ्यात केरळ-कर्नाटकाच्या किनाऱ्यालगत हे काम वारा करतो. तारली-बांगड्याचं पोट त्यावर भरतं. उत्तर अरबी समुद्रात हिवाळ्याचे कोरडे वारे वरचं पाणी गार करतात, ते जड होऊन खाली जातं आणि खालचं ढवळून वर येतं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले मधुप्रताप आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये हे मांडलं.

त्याच संस्थेने २००९ मध्ये जर्मन शास्त्रज्ञांबरोबर दक्षिणेकडच्या महासागरात खत म्हणून लोह टाकून पाहिलं. प्लवक वाढले; पण पाण्यात सिलिका कमी होती, म्हणून सिलिकेचं कवच करणाऱ्या डायटमना जोर धरता आला नाही. जे वाढले, ते बारीक प्राण्यांनी फस्त केले. एक खत दिलं की भागलं, असं समुद्रातही नाही.

इकडे तळ्यावर श्रावणात आभाळ दिवसच्या दिवस झाकलेलं. पहाटे मासे वर येऊन आ वासू लागले. "उपाशी आहेत का? खत वाढवू?" मी विचारलं. मामा खेकसले, "मोटार लाव आधी, पाणी उडव." ऊन नसलं की प्लवक पुरेसा प्राणवायू तयार करत नाहीत, रात्री मात्र तो वापरत राहतात, आणि कुजणारं शेण उरलासुरला ओढून घेतं. खत माझ्या हातात, ऊन नाही. आणि उन्हाविना खत म्हणजे माशांचा गळा आवळणं.

पोपटी रंग आता मला ओळखता येतो. पण उन्हाळ्यात कधी वर निळसर-हिरवा तवंग धरतो. तो वाईट म्हणे. कोणता हिरवा पोसणारा आणि कोणता मारणारा, हे तबकडीला कळत नाही. मामा ओंजळभर पाणी घेऊन क्षणात सांगतात. मला अजून दोन्ही ओंजळी सारख्याच दिसतात.