भाऊबीज आणि अडतिसावी रेघ

गेल्या वर्षी गॅदरिंगच्या वक्तृत्व स्पर्धेत मी 'सीमा' या विषयावर बोललो. बोलता बोलता आवेशात म्हणून गेलो, "बेळगाव म्हणजे आमचा कोरिया आहे! एक भाषा, एक रक्त आणि मधून ओढलेली रेघ!" टाळ्या पडल्या. दुसरे बक्षीसही मिळाले. बक्षिसाचा स्टीलचा डबा घेऊन घरी आलो आणि आजीला भाषण पुन्हा म्हणून दाखविले.

आजीचे माहेर चंदगड तालुक्यातले, म्हणजे 1956 साली रेघेच्या पलीकडे गेलेले. तिला हे वाक्य फार आवडेल अशी माझी खात्री होती. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्या कोरियातल्या बाईला भाऊबीजेला भाऊ येतोय काय रे?"

मला उत्तर देता आले नाही. ज्या देशाचे नाव घेऊन टाळ्या मिळविल्या, त्याविषयी मला काहीच ठाऊक नव्हते. धाकटी बहीण मोबाईलवर कोरियन मालिका बघते, तेवढीच आमच्या घराची त्या देशाशी ओळख. म्हणून सुट्टीत ग्रंथालयात बसून वाचले. जे आजीला सांगितले तेच येथे लिहितो आहे.

1910 पासून कोरिया जपानच्या ताब्यात होता. ऑगस्ट 1945 मध्ये जपान शरण येण्याच्या बेतात आला आणि सोव्हिएत रशियाच्या फौजा उत्तरेकडून कोरियात शिरल्या. सगळा देश त्यांच्या हाती जाऊ नये म्हणून 10 ऑगस्टच्या रात्री वॉशिंग्टनमध्ये दोन अमेरिकन कर्नलांना वाटणीची रेघ सुचवायला सांगण्यात आले. डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील ही त्यांची नावे. समोर नॅशनल जिऑग्राफिकचा नकाशा आणि हाताशी अर्धा तास. राजधानी सेऊल आपल्याकडे राहावी एवढे पाहून त्यांनी 38 वा अक्षांश निवडला. रशियाने तो मान्य केला. अक्षांशाला नदी, डोंगर, गाव काही ठाऊक नसते. कोरियातल्या एकाही माणसाला कोणी विचारले नाही.

रेघ तात्पुरती होती. आम्हा वाणिज्यवाल्यांना 'सस्पेन्स खाते' माहीत असते. ताळेबंद जुळत नाही म्हणून फरकाची रक्कम तेथे टाकायची आणि चूक सापडली की खाते बंद करायचे. येथे ते खाते कधी बंदच झाले नाही, कारण दोन्ही मोठ्या भागीदारांत भांडण जुंपले. 15 ऑगस्ट 1948 रोजी दक्षिणेत एक राज्य जाहीर झाले, 9 सप्टेंबरला उत्तरेत दुसरे. वीज आणि मोठे कारखाने बहुतेक उत्तरेत, भातशेती दक्षिणेत. 14 मे 1948 रोजी उत्तरेने दक्षिणेची वीज तोडलीच होती. एका दुकानाची वाटणी करताना एका भावाला तराजू आणि दुसऱ्याला वजने द्यावीत, तसा हा प्रकार झाला.

सगळा दोष परक्यांचा म्हणणेही खरे नव्हे. उत्तरेचे किम इल सुंग आणि दक्षिणेचे सिंगमन री या दोघांनाही सबंध देश आपल्याच झेंड्याखाली हवा होता. स्टालिनची संमती मिळताच 25 जून 1950 रोजी किमच्या फौजा दक्षिणेत घुसल्या. मग अमेरिका आली, चीन आला, लाखो माणसे मेली आणि तीन वर्षांनी आघाडी जवळपास होती तेथेच येऊन थांबली. 27 जुलै 1953 रोजी युद्धविराम झाला. तहावर आजतागायत सह्या झालेल्या नाहीत. परत जायला तयार नसलेल्या युद्धकैद्यांचा प्रश्न ज्या आयोगाकडे होता, त्याचे अध्यक्ष आपल्या कोडगूचे जनरल थिमय्या होते. त्यांतल्या काही कैद्यांनी दोन्ही बाजू नाकारल्या आणि ते जहाजाने भारतात आले. 'दोन्ही कोरिया नकोत' असे म्हणताना त्या पोरांच्या मनात काय असेल, याचा मी बराच वेळ विचार करीत बसलो.

आता आजीच्या प्रश्नाचे उत्तर. नाही, भाऊ येत नाही. पत्र नाही, फोन नाही. 1983 साली दक्षिणेच्या दूरदर्शनने युद्धात ताटातूट झालेल्यांसाठी एक कार्यक्रम सुरू केला. माणसे हातात पाट्या घेऊन उभी राहिली. गावाचे नाव, बापाचे नाव, अंगावरची खूण. कार्यक्रम 138 दिवस चालला आणि दहा हजारांवर कुटुंबांच्या गाठी पडल्या. पण त्या दक्षिणेतल्या दक्षिणेत. रेघेपलीकडच्यांसाठी 2000 ते 2018 या काळात 21 वेळा प्रत्यक्ष भेटी घडविल्या गेल्या. दक्षिणेत त्यासाठी सव्वा लाखांहून अधिक लोकांनी नावे नोंदविली होती. कोणाला न्यायचे ते सोडतीने ठरे. 2018 साली 92 वर्षांची एक आई आपल्या 71 वर्षांच्या मुलाला भेटली. ताटातूट झाली तेव्हा तो चार वर्षांचा होता. तीन दिवसांतले काही तास एकत्र बसले आणि पुन्हा आपापल्या बसमध्ये चढले. त्यानंतर अशी भेट झालेली नाही. नाव नोंदविलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसे वाट पाहतच गेली. जानेवारी 2024 मध्ये उत्तरेने एकत्रीकरणाचे ध्येयच सोडल्याचे सांगितले आणि प्याँगयांगमधली त्याची कमानही पाडली.

हे सगळे ऐकून आजी काही बोलली नाही. नुसती "अगं बाई" म्हणाली.

आमचे दुखणे खोटे आहे असे मी म्हणत नाही. फॉर्म कोणत्या भाषेत मिळावा, पाटी कोणत्या भाषेत असावी, हे प्रश्न खरे आहेत आणि मी त्यांवर पुन्हा बोलेन. पण उसने दुःख पांघरून नाही. माझा एक कन्नड मित्र त्या दिवशी टाळ्या न वाजविता बसून होता. कोरियाची ही हकीकत मी त्याला कन्नडमधून सांगितली. त्याने ऐकून घेतले आणि कॅन्टीनवाल्याला एक चहा दोघांत द्यायला सांगितले.

यंदाच्या भाऊबीजेला मामाआजोबा सकाळच्या एस.टी.ने आले. गाडीला अर्धा तास उशीर झाला म्हणून आजी तेवढा वेळ दारात उभी होती.