अंगावरचे माहेर

अमरावतीच्या ईशान्येस, संत्र्यांच्या बागांत वसलेले मोर्शी हे तालुक्याचे गाव आहे. तेथून उत्तरेकडे निघाले म्हणजे सातपुड्याच्या पायथ्याशी, मध्य प्रदेशाच्या सीमेवर, सालबर्डी लागते. महाशिवरात्रीस तेथील महादेवाच्या दर्शनास वऱ्हाडातील शेतकरी कुटुंबांबरोबर डोंगरातील गोंड व कोरकू मंडळीही लोटतात. या यात्रेस जाणाऱ्याने देवदर्शन झाल्यावर वृद्ध स्त्रियांच्या हातांकडेही एकवार आदराने पाहावे. कोणाच्या हातावर तुळस, कोणाच्या विंचू, तर कोणाच्या कपाळी व हनुवटीवर नुसते ठिपके. सारे गोंदण वयोमानाने हिरवट झालेले.

सुयांच्या टोकाने काजळी कातडीच्या आतल्या थरात शिरली म्हणजे ती जन्मभर जात नाही. दागिना मोडतो, लुगडे विरते, गोंदण मात्र मेल्यावरही सोबत येते, अशी जुन्या बायकांची श्रद्धा. माहेरी गोंदवून घेतलेली खूण सासरी कोणास उतरवून घेता येत नसे. कित्येकींच्या वाट्यास स्वतःची म्हणावी अशी तेवढीच एक वस्तू आली!

येथे दूरच्या आयर्लंडचे स्मरण होते. 1845 पासून तेथे बटाट्याच्या पिकावर रोग पडून दुष्काळ झाला. त्यात सुमारे दहा लक्ष माणसे दगावली व जवळजवळ तितकीच देशांतरास गेली. अमेरिकेत स्थायिक झालेल्या आयरिशांचे वंशज आज पूर्वजांच्या देशाची खूण म्हणून गुंफणीची नक्षी दंडावर गोंदवून घेतात; कोठे बाप-लेक एकच चिन्ह धारण करतात. ही नक्षी आजोबांच्या अंगावरून आलेली नसते. इसवी सन 800 च्या सुमारास लिहिलेल्या केल्सच्या ग्रंथासारख्या हस्तलिखितांतील ती वळणे होत. तुटलेला धागा त्यांनी असा शोधून जोडला.

आपली स्थिती नेमकी उलट आहे. खूण घरातच आहे, परंतु तिचा अर्थ विचारणारा कोणी नाही. पांढरपेशा घरांतील आजीबाईंच्या कपाळीही गोंदणाचा ठिपका असे. शिकलेल्या सुनानातवंडांनी तो गावंढळ ठरविला.

आता जत्रांतून यंत्राने गोंदणारे बसतात. ज्यांना हौस असेल त्यांनी नव्या सुईचा आग्रह धरावा, कारण एकीच सुई अनेकांस टोचल्याने काविळीसारखे रोग पसरतात. पण गोंदवून घेण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्या बाईजवळ घटकाभर बसावे. हे कोठे गोंदविले, कोणी हात धरला होता, तुळसच का निवडली, हे विचारून लिहून ठेवावे. खूण तिच्या देहाबरोबर जाईल. तिची हकीकत तरी घरात राहावी.