प्रॉमीथिअसचे मराठी नाव

परके नाव आले की त्याला घरचे वस्त्र नेसवण्याचा मोह भाषांतरकाराला आवरत नाही. मेरी शेलीच्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ (१८१८) या कादंबरीचे उपशीर्षक ‘आधुनिक प्रॉमीथिअस’ असे आहे. विज्ञानकथेचा आरंभ पुष्कळ जण तिच्यापासूनच मानतात. जबलपुरात माझ्या मेजावर ती आली, तेव्हा मी प्रॉमीथिअस खोडून ‘मातरिश्वा’ लिहिले. भृगूंना अग्नी आणून देणारा ऋग्वेदातील मातरिश्वा! येथून जवळच्या भेडाघाटाशी लोक भृगुऋषींचे नाव जोडतात. मला तो शुभयोगच वाटला.

रात्री, ग्रीक गोष्टी वाचलेल्या माझ्या मुलीने विचारले, “बाबा, मग मातरिश्वाला शिक्षा कोणती झाली?”

मी निरुत्तर झालो. मातरिश्वा तर गौरवाचाच धनी. प्रॉमीथिअस मात्र मातीतून माणूस घडवतो, त्याच्यासाठी अग्नी चोरतो आणि खडकाला जखडलेला राहून त्याचे मोल चुकवतो. फ्रँकेन्स्टाइनही जीव घडवतो. पण त्याचे रूप पाहताच त्याला टाकून पळतो आणि पुढे आपली माणसे गमावतो. निर्मात्याचे उत्तरदायित्व कोठवर, हा विज्ञानकथेचा प्रश्न त्या एका नावातच सामावलेला आहे.

सकाळी मी मूळ नाव पुन्हा लिहिले. नाव बदलले असते, तर पाहुणा घरात आला असता; त्याचे दुःख मात्र दाराबाहेरच राहिले असते.